मायक्रोफिल्मची रिळे भंगारात काढण्याआधी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

विद्यापीठांच्या ग्रंथालयांत निर्लेखनाची, म्हणजे निकामी वस्तू नोंदीतून काढून टाकण्याची यादी निघाली की तिच्यात अनेकदा मायक्रोफिल्म रीडरचे, म्हणजे पाने खूप लहान करून टिपलेली फिल्म पडद्यावर मोठी करून दाखवणाऱ्या यंत्राचे नाव असते. यंत्र बंद आहे, दुरुस्त करणारा मिळत नाही आणि वाचायला कोणी येत नाही, अशी तीन कारणे शेऱ्यात लिहिली जातात. रीडर गेला की कपाटातली रिळेही निरुपयोगी ठरतात आणि पुढच्या यादीत त्यांचा नंबर लागतो. या तीन कारणांपैकी पहिले पुष्कळदा एका दिव्यापुरते किंवा एका रबरी पट्ट्यापुरते असते. तिसऱ्यामागे एवढेच असते की रीळ कसे मागायचे, कसे लावायचे आणि कसे वाचायचे हे विद्यार्थ्यांना कोणी दाखवलेलेच नाही. म्हणून हे पत्र थोडे लांबले तरी तपशिलात लिहीत आहे.

आधी या कपाटांत काय आहे ते पाहू. वृत्तपत्रांसाठी साधारणपणे ३५ मि.मी. रुंदीची फिल्म वापरतात. एक रीळ १०० फुटांचे, म्हणजे तीस मीटरच्या थोडे वर. एका फ्रेममध्ये एक पान घेतले तर त्यात सहाशे ते आठशे पाने बसतात. आठ पानी दैनिकाचे तीन महिने एका रिळात येतात, तर आठ पानी साप्ताहिकाचे सबंध वर्ष मावून जागा उरते. हाताच्या तळव्यावर मावणाऱ्या खोक्यात वर्षभराचे साप्ताहिक! एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून वृत्तपत्रे लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदावर छापली जाऊ लागली. तो कागद आता हात लावताच तुटतो. अशा अनेक वृत्तपत्रांच्या कागदी फाइली आज वाचकाला देता येत नाहीत, काहींच्या उरलेल्याच नाहीत. तिथे फिल्म हाच मूळ आधार आहे.

एक हिशेब डोळ्यांसमोर ठेवावा. साधारण ६० सें.मी. उंचीचे पान २० पटींनी लहान केले की फिल्मवर ते ३ सें.मी. होते. पानावर २ मि.मी. उंच असलेले अक्षर ०.१ मि.मी. उरते आणि अर्ध्या मि.मी.चा अनुस्वार मिलिमीटरचा चाळिसावा भाग होतो. माणसाचा केस याहून जाड असतो. त्यामुळे धुळीचा एक कण अनुस्वार म्हणून वाचला जातो आणि एक ओरखडा मात्रा खाऊन टाकतो. मराठीच्या वाचकाला ही अडचण जास्त जाणवते, कारण १९६२च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या मजकुरात न उच्चारले जाणारे अनुस्वार जागोजाग आहेत: नाहीं, कां, त्यांनीं, घरांत. ठिपका शाईचा की धुळीचा, हे प्रत्येक ओळीत ठरवावे लागते.

ते ठरवायची सोपी रीत आहे. फिल्म एक-दोन सें.मी. पुढेमागे सरकवा. अक्षरे सरकली आणि ठिपका पडद्यावर जागच्या जागी राहिला, तर घाण रीडरच्या काचेवर आहे. काच पुसायला सांगा. ठिपका अक्षराबरोबर सरकला तर तो फिल्मवर आहे आणि तो धूळही असू शकतो किंवा खरा अनुस्वारही. फिल्मच्या लांबीच्या दिशेने जाणारी, पुढच्या चार-पाच फ्रेममध्ये त्याच उंचीवर दिसणारी बारीक रेघ म्हणजे ओरखडा. तरीही शंका राहिली तर दुसऱ्या ग्रंथालयातले रीळ पाहावे लागते. एवढा काटेकोरपणा कशाला, असे कोणाला वाटेल. १८९७ सालचा टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला १५ जून १८९७च्या ‘केसरी’तील मजकुरावर उभा होता आणि त्यात मराठी शब्दांच्या भाषांतरावरून वाद झाला होता. ज्या मजकुरावर माणूस तुरुंगात जातो, तो मजकूर आपण अंदाजाने उतरवू नये.

आता रीळ शोधण्याविषयी. संगणकावरच्या सूचीत नाव आले नाही म्हणजे ग्रंथालयात फिल्म नाही, असे समजू नका. मायक्रोफिल्मची नोंद अनेक ठिकाणी वेगळ्या रजिस्टरमध्ये किंवा जुन्या कार्डांच्या खणात राहून गेलेली असते. काउंटरवर नियतकालिकाचे नाव, गाव आणि तारखांचा कालावधी या तिन्ही गोष्टी लिहून द्या. एकाच नावाची नियतकालिके वेगवेगळ्या गावांतून निघत होती, शिवाय दैनिकांच्या शहर आवृत्तीची आणि डाक आवृत्तीची पाने सारखी नसतात.

शके आणि इसवी सनाचा घोळ तर नेहमीचा. संदर्भात नुसता शक दिला असेल तर विद्यार्थी त्यात ७८ मिळवून मोकळा होतो. जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या अंकांसाठी ७९ मिळवावे लागतात. ‘केसरी’चा पहिला अंक ४ जानेवारी १८८१चा, तेव्हा शके १८०२ चालू होते. त्यात ७८ मिळवले तर १८८० येते आणि त्या वर्षी ‘केसरी’ नव्हताच. असे चुकीचे वर्ष मागितले गेले की ‘उपलब्ध नाही’ असा शेरा मिळतो आणि शोध तिथेच थांबतो.

रीळ हातात आले की आधी खोक्यावरचा क्रमांक आणि फिल्मच्या सुरुवातीचा क्रमांक जुळतो का ते पाहा. मागच्या वाचकाने रिळे अदलाबदल करून ठेवलेली सापडतात. फिल्म लावायची पद्धत बहुतेक यंत्रांवर सारखीच असते. रीळ डाव्या दांड्यावर. बऱ्याच रिळांना एका बाजूला चौकोनी आणि दुसऱ्या बाजूला गोल भोक असते, त्यामुळे उलटे लावलेले रीळ नीट बसत नाही. तिथे जोर करू नका. फिल्मचे टोक फक्त कडांना धरून पहिल्या रुळाखालून न्या, दोन काचांच्या मधून काढा, दुसऱ्या रुळाखालून उजव्या रिकाम्या रिळाच्या खाचेत अडकवा आणि हाताने दोन वेढे द्या. मग काच बंद करा. काही यंत्रांत फिल्म दांड्याच्या वरून सुटते, काहींत खालून. यंत्रावर चिकटवलेली आकृती पाहावी. अक्षरे आरशात दिसावीत तशी दिसली तर फिल्मची बाजू उलटी लागली आहे. नुसती उलटी किंवा आडवी दिसली तर फिल्मला हात न लावता प्रतिमा फिरवायचे चाक फिरवा.

सर्वांत जास्त नुकसान होते ते घाईत फिल्म पळवताना. काचा मिटलेल्या असताना फिल्म जोरात ओढली की काचेवरचा कण पुढच्या शंभर पानांवर रेघ ओढत जातो. नव्या यंत्रांत चाक फिरवताच काचा आपोआप उघडतात, जुन्यांत त्या हाताने उचलाव्या लागतात. शेवटचे काही फूट हळू घ्या, नाहीतर सुटलेले टोक फटकन आपटून चिरते. काम झाल्यावर फिल्म पूर्ण गुंडाळा, पण सैल राहिली म्हणून टोक ओढून घट्ट करू नका. वेढे एकमेकांवर घासतात आणि तेच ओरखडे पुढच्या वाचकाच्या वाट्याला येतात.

पहिल्या काही फ्रेम सोडून थेट मजकुराकडे धावू नये. तिथे पाट्या असतात: नियतकालिकाचे नाव, कालावधी, किती पटींनी लहान केले, आणि तीक्ष्णता तपासायचा बारीक रेघांचा तक्ता. मधेमधे गहाळ अंकाची, फाटक्या पानाची पाटी येते. पाटी असेल तर चित्रीकरणाच्या वेळीच ते पान हाती नव्हते हे पक्के होते. पाटी नसताना पान दिसत नसेल तर ते चित्रीकरणात निसटले असण्याची शक्यता आहे आणि दुसरीकडची कागदी फाइल शोधण्यात अर्थ आहे. डागाळलेले पान कमीजास्त उजेडात दोनदा टिपायची पद्धत होती. तेव्हा एखादे पान काळपट दिसले तर लगेच सोडून न देता पुढची फ्रेम पाहा. जाड बांधणीच्या फाइलीत शिवणीकडचा रकाना सावलीत गेलेला असतो. तो कोणत्याही यंत्राने परत आणता येत नाही.

पडद्याचा मोबाइलने फोटो काढून नेणे आता सर्रास झाले आहे. टिपणासाठी ते चालेल. पण पडद्याच्या जाळीमुळे फोटोत पट्टे उमटतात, कडांची अक्षरे वाकतात, आणि घरी गेल्यावर हे पान कोणत्या रिळातले, कोणत्या तारखेचे, काही कळत नाही. ग्रंथालयात फिल्म स्कॅनर असेल तर तो वापरा. मूळ पानाच्या आकारात ३०० डीपीआय (एका इंचात ३०० ठिपके) हवे असतील आणि फिल्म २० पट लहान असेल, तर प्रत्यक्ष फिल्मवर ६००० डीपीआय लागतात. कागदाच्या साध्या स्कॅनरवर फिल्म ठेवून का भागत नाही, ते या आकड्यावरून कळावे. स्कॅन करताना काळे-पांढरे न निवडता राखाडी छटांत घ्या. काळ्या-पांढऱ्यात बारीक काने, मात्रा, रफार उडून जातात आणि ते उडाले हे नंतर समजतही नाही. कायम ठेवायची प्रत टिफ या तपशील न गमावणाऱ्या चित्रफाइलीत, वाचायची पीडीएफमध्ये. फाइलच्या नावात नियतकालिक, वर्ष-महिना-दिवस, पान आणि रीळ क्रमांक घाला. प्रबंधाच्या तळटिपेतही रिळाचा क्रमांक आणि ग्रंथालयाचे नाव द्यावे, म्हणजे दुसऱ्याला तेच पान पडताळता येते.

अक्षरओळख करणाऱ्या प्रणाली आता मराठीसाठी आहेत. जुन्या खिळ्यांच्या छपाईवर, जुन्या शुद्धलेखनावर आणि ओरखडलेल्या फिल्मवर त्या चुकतात. शोधशब्द सापडला नाही म्हणजे मजकूर नाही, असा निष्कर्ष त्यांच्या भरवशावर काढू नये.

मायक्रोफिशबद्दल थोडक्यात. हे पोस्टकार्डाएवढे, १०५ बाय १४८ मि.मी.चे पारदर्शक पान. वरच्या पट्टीवरचे नाव नुसत्या डोळ्यांनी वाचता येते. २४ पटींच्या नेहमीच्या मांडणीत सात ओळी आणि चौदा स्तंभ, म्हणजे ९८ फ्रेम. एका फ्रेममध्ये दोन पाने घेतली तर तीनशे पानी पुस्तक दोन फिशमध्ये बसते. १८७२ ते १९५१ या काळातले भारताच्या जनगणनेचे अहवाल स्वित्झर्लंडच्या एका प्रकाशनाने मायक्रोफिशवर काढले, आणि मुंबई इलाख्याच्या जातीनिहाय, तालुकानिहाय तक्त्यांसाठी ते अजून उपयोगी पडतात. काचेचा ट्रे पूर्ण पुढे ओढला की वरची काच उघडते. अर्धवट ओढून फिश आत सरकवली की कोपरा दुमडतो. एका वेळी एकच फिश पाकिटाबाहेर काढा आणि तिच्या जागी खुणेचे कार्ड ठेवा. चुकीच्या पाकिटात गेलेली फिश हरवल्यातच जमा होते.

रिळे टिकवणे हे ग्रंथालयाचे काम आहे आणि इथे आपण फार हलगर्जी आहोत. पॉलिएस्टर पट्टीवरची चांदीच्या लेपाची फिल्म २१ अंश सेल्सियस आणि ५० टक्के आर्द्रतेत पाचशे वर्षे टिकेल, असे तिचे मानक धरले जाते. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८०-९० टक्क्यांवर जाते. ६५ टक्क्यांच्या वर ती टिकून राहिली की फिल्मवरच्या जिलेटिनला बुरशी धरते. त्यावर उपाय म्हणून कार्यालयीन वेळेत वातानुकूलन चालवायचे आणि सायंकाळी बंद करायचे, याने भले होत नाही. रात्री दमट हवा थंड धातूच्या कपाटात शिरते आणि बाष्प धरते. चोवीस तास चालणारे एक आर्द्रताशोषक यंत्र आणि कपाटात एक आर्द्रतामापक एवढे केले तरी मोठा फरक पडतो.

जुन्या ॲसिटेट पट्टीच्या फिल्मचे दुखणे वेगळे आहे. दमट उष्ण हवेत ती स्वतःच विघटित होऊ लागते आणि त्यातून ॲसेटिक आम्ल सुटते. खोके उघडताच व्हिनेगरचा वास आला तर ते रीळ त्याच दिवशी बाकीच्यांपासून वेगळे करा. सुटलेल्या आम्लाने ही क्रिया आणखी वेगाने चालते आणि शेजारच्या ॲसिटेट रिळांनाही बाधा होते. पुढे पट्टी आक्रसते, कडा लाटेसारख्या होतात आणि लेप सुटतो. त्या अवस्थेआधी तिची प्रत काढली तरच मजकूर वाचतो. कोणती फिल्म कशाची हे ओळखायला रीळ कडेवर उभे धरून दिव्यासमोर पाहावे. पॉलिएस्टरमधून उजेड आरपार येतो, ॲसिटेट अंधारे दिसते. फिल्मभोवती रबर बँड नको, त्यातल्या गंधकाने चांदी काळवंडते. हलक्या प्रतीच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांतून निघणाऱ्या वायूंमुळे चांदीवर तांबूस ठिपके उमटतात, म्हणून आम्लमुक्त खोकी घ्यावीत.

डायझो आणि व्हेसिक्युलर या चांदीचा लेप नसलेल्या प्रतींची गोष्ट आणखी निराळी. डायझो उजेडात फिकी पडते, व्हेसिक्युलरमधले अक्षर बनवणारे सूक्ष्म बुडबुडे उष्णतेने विरतात. रीडरचा दिवा चालू ठेवून, एकच पान पडद्यावर सोडून चहाला जाणे अशा फिल्मला महागात पडते.

‘सगळे स्कॅन करू आणि रिळे काढून टाकू’ हा प्रस्ताव वरवर शहाणपणाचा वाटतो. त्यावर एक प्रश्न जरूर विचारावा: स्कॅन कोणत्या प्रतीवरून करणार? मूळ कॅमेरा निगेटिव्ह, तिच्यावरून काढलेली छपाईची प्रत आणि तिच्यावरून काढलेली वाचकांची प्रत अशा तीन पिढ्या असतात. ग्रंथालयातले रीळ बहुधा तिसऱ्या पिढीचे, वापरून ओरखडलेले असते. निगेटिव्ह दुसऱ्या संस्थेकडे सुस्थितीत असेल तर तिथून काम व्हावे. शिवाय फिल्म भिंगाने आणि उजेडाने वाचता येते. हार्ड डिस्कला काही वर्षांनी नवी जागा द्यावी लागते आणि तो खर्च दर वेळी मंजूर व्हावा लागतो. स्कॅन जरूर करा, पण तपासणी होईपर्यंतच काय, नंतरही रीळ ठेवा.

इथे नसलेले रीळ कुठे मागायचे तेही विद्यार्थ्यांना सांगायला हवे. दिल्लीच्या तीन मूर्ती भवनातील ग्रंथालयात वृत्तपत्रांच्या मायक्रोफिल्मचा मोठा संग्रह आहे. शिकागोच्या सेंटर फॉर रिसर्च लायब्ररीजमध्ये १९६७पासून दक्षिण आशियातील साहित्य फिल्मवर घेऊन जपणारा प्रकल्प चालतो आणि परदेशी विद्यापीठांत शिकणारे मराठी विद्यार्थी आंतरग्रंथालयीन देवघेवीने त्यातली रिळे मागवू शकतात. मुंबई इलाख्यातील देशी वृत्तपत्रांवर सरकारी भाषांतरकार इंग्रजी गोषवारे तयार करीत, ते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या एल/आर/५ या मालिकेत आहेत आणि त्यांच्याही फिल्म झालेल्या आहेत. ज्या मराठी पत्रांचे अंक नष्ट झाले, त्यांचा काही मजकूर या गोषवाऱ्यांतच उरला आहे. मात्र सरकारला ज्याची धास्ती वाटली तेच त्यात आले, हे वाचताना विसरू नये. गोव्यातील पोर्तुगीज दप्तराची मायक्रोफिल्म १९५०च्या दशकात लिस्बनच्या फिल्मोतेका उल्त्रामारिना पोर्तुगेझा या संस्थेने करवून घेतली. पणजीत एखादे पान जीर्ण झालेले असले तर लिस्बनमधल्या प्रतीची चौकशी करावी.

विद्यापीठांकडे मागणे फार नाही. निर्लेखनाच्या समितीपुढे रीडर ठेवण्याआधी आपल्याकडच्या सर्व रिळांची वर्षवार, गहाळ अंकांसह यादी करून ती संकेतस्थळावर लावा. पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये या विभागाचे दोन तास ठेवा आणि त्यांतला एक प्रत्यक्ष यंत्रासमोर घ्या. आणि यंत्र ‘बंद’ असा शेरा मारण्याआधी ते उघडून पाहा. वायर काढून दिवा पूर्ण थंड होऊ द्या, त्याच्या बुडाशी कोरलेले व्होल्ट आणि वॅट टिपून घ्या आणि तेवढ्याच क्षमतेचा हॅलोजन दिवा आणा. नवा दिवा स्वच्छ कापडाने धरून बसवा, बोटांचे तेल काचेला लागले तर तेवढ्याच जागी ती जास्त तापते आणि दिवा लवकर जातो. दिवा लागत असेल आणि रीळ फिरत नसेल, तर आतला रबरी पट्टा विरघळून चिकट झाला आहे का ते पाहावे. तो मापाने मिळतो.

आपला,
मायक्रोफिल्म विभागात काम करणारा एक ग्रंथालय कर्मचारी, पुणे